मरून रंगाची नऊ नखं

आमच्या दवाखान्यात सकाळची पाळी सुरू होण्याआधी रोज एक परेड व्हायची. सगळ्या सिस्टर आणि मावशी ड्यूटी रूमच्या खिडकीपाशी ओळीनं उभ्या राहायच्या आणि दोन्ही पंजे पालथे करून पुढं धरायच्या. महानंदा अक्का ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायच्या. तोंडाकडं कुणाच्या बघायच्या नाहीत, फक्त नखांकडं. नख वाढलेलं दिसलं की खिडकीच्या गजाला बँडेजच्या पट्टीनं बांधून ठेवलेल्या नेलकटरकडं नुसता अंगठा दाखवायच्या. रंग दिसला की मात्र बोलायच्या.

"नख म्हंजे माणसाची खिडकी हाय. खिडकीला रंग फासतंय व्हय कुणी? आतलं कसं दिसायचं मग?"

उमरग्यात हायवेला लागून आमचा दवाखाना. अक्का तिथल्या मुख्य सिस्टर. मी औषधांचा साठा, बिलं आणि पाळ्यांचे तक्ते सांभाळते. माझा रुग्णांशी हातानं संबंध येत नाही, तरी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात अक्कांनी माझेही पंजे मागितले. मी म्हटलं, "अक्का, मी तर कागदं बघते." त्या म्हणाल्या, "मग कागदाला घाण लागलेली चालती का?" मी मुकाट्यानं हात पुढं केले. माझी नखं बघून म्हणाल्या, "रक्त कमी हाय तुझ्यात. खजूर खा." तपासून घेतलं, तर खरंच कमी होतं. मी त्या दिवशीच्या कामांच्या यादीत खजूर लिहून टाकला. तेव्हापासून त्या मला यादीबाई म्हणायला लागल्या.

अक्का उंचीनं कमी, अंगानं बारीक. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यातलं लिंग एप्रनच्या आत. बोलण्यात अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि चिडल्या की पूर्ण कानडी. एखाद्या नातेवाईकानं वॉर्डात गोंधळ घातला तर "साकु, साकु!" एवढंच म्हणायच्या. कानडी न येणाऱ्यालाही 'पुरे' म्हणताहेत हे त्या आवाजावरून कळायचं. नवरा फार लवकर गेला. एकच मुलगी, शिल्पा. तिला एकटीनं वाढवलं, फार्मसीला घातलं. दवाखान्यात अक्का सगळ्यांना रागावायच्या. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. सर हात धुवायला जरा घाई करताहेत असं दिसलं, की अक्का त्यांच्या पाठीमागं जाऊन खाकरायच्या. सर परत साबण घ्यायचे. अक्कांवर कुणी रागावलेलं मात्र आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तशी संधीच त्या देत नव्हत्या.

शिल्पासाठी स्थळ आलं ते कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावातलं. मुलाचं खतांचं दुकान, थोडी शेती. बघायचा कार्यक्रम अक्कांच्या घरी झाला. मी चहा-पोह्यांच्या बंदोबस्ताला होते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी बघितलं. मुलाचे मामा शिक्षणाचं सांगत होते, मुलाची आई नागम्मा घराचं सांगत होत्या. अक्का ऐकल्यासारखं करत होत्या आणि मुलाच्या हातातल्या कपबशीकडं बघत होत्या. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला हाय. नखं गुलाबी, बुडाला स्वच्छ चंद्र, कुरतडलेली न्हाईत. तंबाखूचा डाग न्हाई."

"आणि स्वभाव?"

"नख कुरतडत न्हाई म्हंजे जीवाला शांत हाय. अजून काय पायजे?"

शिल्पा आतून ओरडली, "आई, मला पण विचार की काहीतरी!" अक्का म्हणाल्या, "तू बी बघितलास की त्याचा हात. म्या बघत होते तुला." आतून शिल्पाच्या हसण्याचा आवाज आला. लग्न ठरलं.

त्याच सुमारास दवाखान्यात एक नवी नवरी आली. लग्नाला आठवडाही झालेला नव्हता, पोटात कळा, अपेंडिक्स फुटायच्या बेताला. ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं तर दहाही नखांवर गडद, जाड, चकचकीत रंग. भूल देताना बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावतात, ते रक्तातला ऑक्सिजन सांगतं. त्या रंगातून आकडा धड येईना, कधी यायचा, कधी उडायचा. अक्कांनी कापसावर नेलपेंट काढायचं औषध ओतलं आणि घासलं. काहीच झालं नाही. पुन्हा घासलं. रंग जिथल्या तिथं. नवरी कळवळत म्हणाली, "ते जेल हाय अक्का. असं न्हाई निघत. पार्लरातच काढावं लागतंय." सरांनी कानाच्या पाळीला यंत्र लावून वेळ निभावली. ऑपरेशन नीट झालं. पण अक्का सबंध दिवस धुमसत होत्या.

पाळी संपल्यावर मला म्हणाल्या, "चल." बसस्टँडमागं मोबाइलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक नवा नेल स्टुडिओ निघाला होता. निकिता नावाची मुलगी पुण्यात शिकून आली होती आणि तिनंच तो काढला होता. त्या दिवशी अक्का जिना पळत चढल्या. मी मागं राहिले. वर पोचेपर्यंत निकिता भिंतीला टेकून उभी होती आणि अक्का तिला सांगत होत्या, "धंदा कर. पोटाला मिळव. पण कुणी पोटुशी आली, कुणाचं ऑपरेशन असलं, तर एक बोट मोकळं सोडायचं. एक. समजलं? जीव अडकतो त्यात." निकिता मान हलवत राहिली. जाताना अक्कांनी तिची स्वतःची नखं बघितली आणि म्हणाल्या, "पाणी कमी पितीस."

यानंतरचं जे सांगायचं आहे, ते लग्नाच्या महिन्यातलं.

खरेदीची यादी माझ्याकडं होती. बांगड्या, रुखवताचं सामान, मानाच्या साड्या, नारळ. अक्कांनी रजा टाकली होती. तशा गेले काही आठवडे त्या वेगळ्या वागत होत्या, पण लग्नघर म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. एप्रनच्या खिशात हात घालून उभ्या राहायच्या. परेड दुसऱ्या सिस्टरकडं सोपवली होती. वॉर्डात हातमोजे काढायच्याच नाहीत. "थंडी वाजतीया," म्हणायच्या. उमरग्यात तेव्हा थंडी संपत आली होती.

यादीतल्या शेवटच्या वस्तू घेऊन आम्ही बसस्टँडकडं आलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "आणि एक काम ऱ्हायलं. त्या पोरीकडं जाऊ."

"निकिताकडं? शिल्पाचं पार्लर ठरलंय की."

"शिल्पाचं न्हाई. माझं."

मला हसू आलं. मग मी त्यांचं तोंड बघितलं आणि हसू गेलं.

जिन्याच्या मधल्या वळणावर अक्का थांबल्या. भिंतीवर कसलीशी जाहिरात चिकटवली होती, ती वाचत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास मला माझ्या जागेवरून ऐकू येत होता. वर गेलो तर निकिता त्यांना बघून उठूनच उभी राहिली.

"अक्का, मी विचारते हां आता सगळ्यांना! दिवस गेलेत का, ऑपरेशन हाय का. काल एका मावशीचं बोट सोडलं, खरंच!"

"बरं केलंस. बस खाली. माझी करायचीत."

निकितानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. अक्का खुर्चीत बसल्या, हात टेबलावर ठेवले. निकितानं रंगांचा फिकट पट्टा पुढं केला. "लेकीच्या लग्नाला ना? हा बघा, हलका गुलाबी. तुमच्या हाताला शोभंल."

"न्हाई. गडद दाखव."

"अक्का, वयाला जरा..."

"मरून हाय का? जाडसर बसणारा?"

तेव्हाही मला कळलं नाही. मला एवढंच वाटलं, की आता लोक बोलणार. नवरा नसलेली बाई, तिच्या नखांवर लग्नात मरून रंग, हे आमच्याकडं कुणी सोडणार नाही. मी तसं म्हणणार, तेवढ्यात निकितानं अक्कांचा डावा हात आपल्याकडं ओढला, नखं घासायला घेतली आणि तिचा हात थांबला.

"अक्का, तुमची नखं निळी दिसत्यात. एसी बंद करू का?"

"कर बंद."

तिनं एसी बंद केला. मी उठून टेबलाजवळ आले. बुडाशी जांभळट, टोकाशी शाईसारखी निळसर. दवाखान्यात इतकी वर्षं अक्कांच्या बाजूला उभी राहून मला एवढं तरी ओळखता येत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू बस तिकडं."

"अक्का, कधीपासून?"

निकिता नखं घासत राहिली. तिला काही कळत नव्हतं, पण खोलीत काहीतरी झालंय हे कळत होतं. अक्का तिच्याकडं बघून माझ्याशी बोलल्या. "ल्हानपणी सांधे धरले होते, ताप यायचा. तवाच झडप बिघडली हृदयाची. गोळी घेते की म्या. आता जरा जास्त झालंय. सकाळी लिंगपूजेला बसले की विभूती लावताना बोटं डोळ्यासमोर येत्यात. मला कळायचं न्हाई व्हय?"

"मग सरांना दाखवा. आजच."

"आणि सर काय करतील? उद्या हैदराबादला धाडतील. लग्न पुढं जाईल." त्या थांबल्या. श्वास घेतला. "माझं पहिलं लग्न ठरलं होतं, तुला सांगितलं न्हाई कधी. पत्रिका वाटून झाल्या होत्या. अप्पा आजारी पडले, सोलापूरला न्यावं लागलं. त्यांच्याकडचे म्हणाले, तब्येत बघू, मग धरू तारीख. अप्पा गेले. वर्षाच्या आत करा न्हाईतर तीन वर्षं थांबा, असा निरोप आला. वर्षाच्या आत आमच्याकडं करणारं कोण होतं? त्या लोकांनी दुसरीकडं केलं. म्या तीन वर्षं सोयरिकीच्या गप्पा ऐकत बसले घरात. शिल्पाचं तसं व्हऊ देणार न्हाई. अक्षता पडू दे. मग कुठंबी न्या, चिरा, फाडा."

निकितानं पहिला पारदर्शक थर दिला, बोटं त्या छोट्या दिव्याच्या डब्यात ठेवायला सांगितली. डब्यातून जांभळा उजेड पडला. त्या उजेडात सगळ्यांचीच नखं जांभळी दिसतात. अक्का तिकडं बघत होत्या.

रंगाचा पहिला हात सुरू झाला. एकेक नख मरून होत गेलं. निकिता शेवटच्या बोटापाशी, डाव्या करंगळीपाशी आली आणि घाबरत म्हणाली, "अक्का, तुम्हीच सांगितलंय. एक बोट सोडू का?"

"माझं ऑपरेशन हाय व्हय? कर सगळी."

"सोड," मी म्हटलं.

निकिताचा ब्रश हवेत राहिला. अक्कांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"तू डॉक्टर न्हाईस, सुरेखा."

"नाही. पण हे बोट माझं. रोज सकाळी मी येणार, यंत्र लावणार. आकडा नव्वदच्या वर असेल तोवर मी तोंड उघडणार नाही. खाली गेला की सरांना फोन. मग हळद असो, अक्षता असोत, जेवणाच्या पंगती असोत. कबूल असलं तर बोट सोडा. नसलं तर मी आत्ता खाली उतरून फोन करते."

खाली हायवेवर ट्रक हॉर्न मारत होते. मग अक्का निकिताला म्हणाल्या, "सोड गं ते बोट. यादीबाई हाय ती. यादीतलं काढल्याबिगर ती झोपायची न्हाई."

घरी जाऊन त्या करंगळीला चिकटपट्टी लावली. लोकांनी विचारलं तर भाजी चिरताना लागलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण मी इतकी धास्ती आयुष्यात कधी घेतली नव्हती. लग्नघर पाहुण्यांनी भरलेलं. मी सकाळी सामानाच्या निमित्तानं जायचे. अक्का मला देवघरात बोलवायच्या, दार लोटायच्या, पट्टी काढायच्या. यंत्र करंगळीवर चढवायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा. माझाही धरला जायचा. आकडा दिसला की अक्का म्हणायच्या, "हाय की. जा कामाला." आकडा नव्वदच्या वर होता. पण रोज थोडा उतरत होता, आणि दोघींनाही ते दिसत होतं.

बाहेर बायका बोलत होत्या. अक्कांच्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लगीन लेकीचं हाय का आईचं, कळंना बाई!" हशा झाला. एक पाहुणी म्हणाली, "आणि नर्स असून भाजी चिरताना बोट कापून घेतलंया. लक्ष कुठं असतंय कोण जाणे!" अक्का भांडणाला कधी मागं सरणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी हसल्या आणि म्हणाल्या, "हौस करून घेतली बाई. पुन्हा कधी करायची?" असं म्हणून आत गेल्या आणि मला दारातूनच दिसलं, त्या भिंतीचा आधार घेत गेल्या. हळदीला नागम्मा आणि त्यांच्याकडच्या बायका आल्या, तेव्हा तिकडंही कुजबुज झाली. विहीणबाईच कुणाला तरी कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि त्यांच्या सगळ्या बायका अक्कांच्या हातांकडं वळून बघायला लागल्या. अक्कांना कानडी आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. त्यांनी ऐकलं. पदर पुढं ओढून हात झाकून घेतले, एवढंच.

लग्नाच्या सकाळी आम्ही कार्यालयात भांड्यांच्या खोलीत गेलो. तांदळाच्या पोत्यावर अक्का बसल्या. स्वतःच पट्टी काढली, स्वतःच यंत्र चढवलं आणि माझ्याआधी आकडा बघितला. मग यंत्र माझ्याकडं फिरवलं.

शहाऐंशी.

मी फोन काढला. मला वाटलं त्या हात धरतील. त्या म्हणाल्या, "लाव. ठरलंय ते ठरलंय."

सर आमंत्रणाचे पाहुणे म्हणून निघायच्याच बेतात होते. ते आले ते दवाखान्याच्या गाडीतून, सोबत ऑक्सिजनचा सिलिंडर आणि औषधांची पेटी घेऊन. त्यांनी अक्कांचे पाय दाबून बघितले, सूज आली होती. छातीला नळी लावून ऐकलं. मग त्यांनी अक्कांचे हात हातात घेतले आणि ती मरून नखं बघितली. अक्का बोलत होत्या, थांबून थांबून. "सर, अक्षता. तेवढंच. मग म्या तुमची."

सरांनी इंजेक्शन दिलं, नाकात नळी घातली. आकडा हळूहळू वर आला. सर मला बाहेर घेऊन म्हणाले, "ऑक्सिजनवर धरतील थोडा वेळ. मी इथून हलत नाही. पण हैदराबादला आजच न्यायचं. तिथं कळवलंय मी. आणि हे लपवून नाही चालायचं. मुलीला सांगा."

सांगायची गरज पडली नाही. शिल्पा शालू नेसून, बाशिंग बांधायच्या आधी आईच्या पाया पडायला म्हणून शोधत शोधत तिथं आली. दारातच थांबली. मग येऊन आईसमोर गुडघ्यावर बसली आणि काहीही न विचारता आईचा उजवा हात धरला आणि आपल्या शालूच्या पदरानं अंगठ्याचं नख घासायला लागली. जोरात, रडत, दात खाऊन. नर्सची मुलगी ती. रंगाखाली काय असेल हे तिला लगेच कळलं होतं.

"निघत न्हाई ते," अक्का म्हणाल्या. "साकु. शालू खराब होतोय."

शिल्पानं मग दुसरा हात ओढला. करंगळी उघडी होती. तिनं ती उजेडाकडं धरून बघितली आणि तिथंच कपाळ टेकलं.

"रडू नगस. त्या मेकअपवाल्या पोरीनं सकाळपासून खपून केलंय."

"मला नाही करायचं लग्न. आत्ता गाडीत बसायचं."

"आणि ह्यासाठी म्या इतकं केलं व्हय?"

याच वेळेस दार पुन्हा उघडलं. विहीणबाई. मानाचं नारळाचं ताट घेऊन त्या अक्कांना व्याहीभेटीला न्यायला आल्या होत्या. नळी, सिलिंडर, सर, जमिनीवर बसलेली होणारी सून, सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं. अक्का उठायला लागल्या. त्यांचा चेहरा मी माझ्या सबंध नोकरीत तसा पाहिला नव्हता. भीती होती ती, निव्वळ भीती.

"विहीणबाई, लगीन थांबवू नगा. मला काय न्हाई झालेलं. म्या अक्षता होईपर्यंत..."

"कोण थांबवतंय?" नागम्मा म्हणाल्या.

सरांनी थोडक्यात सांगितलं, झडप, हैदराबाद, रंग कशासाठी ते. नागम्मांनी ताट तांदळाच्या पोत्यावर ठेवलं. हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हंजे आमाला काय कसाई समजलात तुमी? तुमी आजारी हाय म्हणून आमी पोरगी नको म्हणलो असतो? असं वाटलं तुमाला?"

अक्कांनी पदर हातांवर ओढला.

"परवा हळदीला ह्या नखांवरनं माझ्या बायका बोलल्या. म्या बी बोलले. सगळ्यांत आधी म्या बोलले! तुमी ऐकलात, आणि गप बसलात. आता ते म्या कुठं धुवून काढू?" त्यांचा आवाज फुटला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, शिल्पाला दंडाला धरून उठवलं. "ऊठ. डोळं पूस. आई मंडपात बसणार, आणि बाशिंग बी बांधायचं."

आणि त्या बाहेर गेल्या. बाहेरून त्यांचा आवाज आला. लग्न लावणारे स्वामी मुहूर्ताला अजून अवकाश आहे म्हणत होते. नागम्मा त्यांना सांगत होत्या, "मुहूर्त म्या सांगते तोच, आत्ता. तुमचं मंगलाष्टक लई लांब असतंय, ते तेवढं आखूड करा."

अक्कांना खुर्चीत बसवून स्टेजवर आणलं. सिलिंडर फुलांच्या पडद्यामागं, नळी पदराखालून. सर बाजूला उभे. जाऊबाई पुढच्या रांगेत होत्या, त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मंगलाष्टकं झाली. अक्कांनी ओंजळीत अक्षता घेतल्या, मरून नखांची ओंजळ, त्यातलं एकच बोट फिकट निळं. लेक-जावयाच्या डोक्यावर टाकल्या. काही अक्षता त्यांच्याच मांडीवर पडल्या. त्यांनी त्या वेचून पुन्हा टाकल्या.

अक्का हैदराबादहून परत आल्या नाहीत. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आल्या, लेकीशी आणि जावयाशी बोलल्या. मग ताप आला आणि तो उतरला नाही. लग्नाआधी तिकडं नेलं असतं तर वाचल्या असत्या का, असं मी सरांना एकदा विचारलं. सर म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांना खरंच सांगता येत नव्हतं, की त्यांनी माझ्यासाठी तसं म्हटलं, हे मी शोधत बसले नाही.

पण मला त्या दिसतात त्या कार्यालयाबाहेर, हायवेवर. गाडी उभी होती. अक्का मागच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, आडवं पडलं की दम लागत होता. शिल्पा दार धरून उभी होती, मी येणारच म्हणत होती. नागम्मांनी तिचा हात दारावरून काढला.

"न्हाई. पोरीनं आज घरचा उंबरा ओलांडायचा. माप ओलांडून झालं की उद्या दोघंबी या. म्या जाते संगं."

आणि त्या काठापदराचं लुगडं सावरत गाडीत अक्कांशेजारी बसल्या. दार लागलं. गाडी सुरू झाली तशा त्या अक्कांना रागवायला लागल्या. काचेतून कानडी शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण राग कळत होता. एका हातानं त्या सिलिंडर घट्ट धरून होत्या, दुसरा हात अक्कांच्या तोंडापुढं नाचवत होत्या. आणि अक्का, ज्यांना आमच्या दवाखान्यात कुणी कधी रागाचा एक शब्द बोललं नव्हतं, त्या मान खाली घालून, प्रत्येक वाक्याला "हूं, हूं" करत, ऐकून घेत होत्या.